कोंडाणें लेणें व बलकाचें नांव

कर्जतहून उल्हास नदीच्या खोऱ्यानें आंत गेल्यावर कोंडाण्याच्या लेण्यांकडे जी पायवाट चढते ती लांबीनें थोडी, पण चढाला कठीण आहे. आषाढांत आम्ही ती चढलों तेव्हां गुडघ्यांनीं आमच्या वयाची आठवण वारंवार करून दिली. राजमाचीच्या पायथ्याच्या दाट झाडींत आधीं पाण्याचा आवाज कानीं येतो. मग एका वळणावर कड्यावरून लेण्यांच्या तोंडाशीं कोसळणारी धार दिसते, आणि तिच्या आड चैत्यगृहाची भव्य कमान.

हीं बौद्ध लेणीं इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचीं मानतात. चैत्यगृह सुमारें ६६ फूट लांब असून त्याचे बहुतेक खांब ढासळले आहेत. तथापि दर्शनी भागावरील कमानी, सज्जे व जाळ्या पाहतां, सुताराची सारी विद्या येथें दगडांत उतरली आहे हें तेव्हांच ध्यानांत येतें.

एवढें काम अशा आडरानांत कां झालें, असें वाचक विचारतील. पण तें त्या काळीं आडरान नव्हतें. सोपारा व कल्याण या बंदरांतला माल बोरघाटाच्या परिसरांतील वाटांनीं देशावर जाई. घाटमाथ्यापलीकडे कार्लें, भाजें व बेडसें हीं लेणीं त्याच वाटांची साक्ष देतात. पावसाळ्यांत भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें असा संघाचा नियम होता. त्यांना आडोसा हवा होता, आणि दानाला व्यापारी जवळ होते.

लेण्यांत नांवें आढळतात तीं बहुधा दात्यांचीं. कार्ल्यास वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचें नांव आहे. कोंडाण्यास मात्र चैत्याच्या डाव्या अंगाला एका भग्न मूर्तीपाशीं ब्राह्मी लिपींत एकच ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें. ‘करविलें’ असें तो म्हणत नाहीं, ‘केलें’ म्हणतो. राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्या आम्हां अध्यापकांना त्या एका क्रियापदानें खजील केलें. आमच्या इतिहासांत छिन्नी धरणाऱ्या हाताला जागा किती थोडी!

परततांना भिंतीवर खिळ्यानें कोरलेलीं अलीकडचीं कांहीं नांवें दिसलीं. बलकानेंही नांवच कोरलें होतें. पण त्यानें आधीं काम केलें, मग गुरूचें नांव घातलें, आणि त्यानंतर स्वतःचें.