जेसीबीतली पाठवणी आणि रखमाबाईंचा नकार

मंडळी, लग्नसराई जोरात आहे. आणि यंदाही चढाओढ लागलीय ती पाठवणीची. कुणी नवरा-नवरीला जेसीबीच्या फुलांनी सजवलेल्या बकेटमध्ये बसवून नेतंय, कुणी शेतात हेलिपॅड आखून हेलिकॉप्टर उतरवतंय, कुणी हौसेने पुन्हा बैलगाडी जुंपतंय. "साहेब, जरा हटके आहे, बातमी लावा" असे फोन आम्हा पत्रकारांना रोज येतात. लावतो आम्ही. लोक वाचतात, फोटो फिरतो. हौसेला मोल नाही, त्यामुळे त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. (डीजेचं तेवढं सांगतो. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि वरातीला त्यातून सूट मिळालेली नाही.)

पण या पाठवणीचा इतिहास आपण विसरलोय. तो गोड नाही, म्हणूनच सांगतो.

आज सकाळी हळद, दुपारी अक्षता, जेवणं, संध्याकाळी पाठवणी, सगळं एका दिवसात उरकतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बऱ्याच घरांत लग्न आणि पाठवणी हे दोन वेगळे प्रसंग असायचे आणि मध्ये काही वर्षं जायची. कारण नवरी आठ-दहा वर्षांची असायची. लग्न लावून मुलगी माहेरीच ठेवायची, सणावाराला सासरी न्यायची-आणायची. मग तिला न्हाण आलं की मखरात बसवून गावाला कळवायचं, मुहूर्त काढायचा आणि गर्भाधानाच्या विधीसाठी सासरी पाठवायची. पाठवणी ती. सोबतीला एक पाठराखीण द्यायचे, कारण पोर लहान, परकं घर, रात्री घाबरेल. जुन्या ओव्यांमधलं माहेर एवढं का रडतं, याचं उत्तर इथे आहे. ते रडू समारंभापुरतं नव्हतं.

या पाठवणीलाच नकार देणारी एक मराठी मुलगी होती, रखमाबाई. १८६४ चा जन्म, मुंबईची. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालं. दादाजी एकोणीस वर्षांचा. मुलगी आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिली आणि वाचायला लागली. घरात डॉक्टर, पुस्तकं, सुधारकांचं येणं-जाणं. मोठी झाल्यावर तिने सांगून टाकलं, या माणसाकडे मी जाणार नाही. लग्न माझं लावलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

१८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला: माझी बायको माझ्या घरी पाठवा. म्हणजे बघा, पाठवणीसाठी कोर्टकचेरी! १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधं होतं: अजाणत्या वयात लग्न लावून दिलेल्या बाईला, जी कधी त्या घरात नांदलीच नाही तिला, जबरदस्तीने तिथे पाठवता येणार नाही. शिवाय असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हेच, तो इंग्लंडच्या कायद्यातून इथे आलाय, हेही त्यांनी दाखवून दिलं. यावर गंमत अशी झाली की ज्यांना इंग्रजांनी आपल्या धर्मात हात घालू नये असं वाटत होतं, त्यांनीच या इंग्रजी तरतुदीची बाजू धरली. टिळकांच्या 'केसरी'ने रखमाबाईंच्या विरोधात लेखणी चालवली. टिळकांबद्दल आदर ठेवूनही हे लिहावं लागतं. इतिहास सोयीपुरता सांगायचा नसतो.

अपिलात तो निकाल फिरला, प्रकरण पुन्हा चाललं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग चालेल असं कळवलं. वय बावीस. त्याआधीच 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या नावाने बालविवाहावर पत्रं लिहून तिने खळबळ उडवली होती. प्रकरण विलायतेपर्यंत गाजलं. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. पुढच्याच वर्षी रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन आधी सुरतला, मग राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य काढलं.

दरम्यान १८९० मध्ये कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. वय किती केलं? दहावरून बारा. त्यावरही रान पेटलं होतं. मग १९२९ चा सारडा कायदा, मुलगी चौदा, मुलगा अठरा. १९७८ मध्ये अठरा आणि एकवीस. वय वाढत गेलं तशी लग्न आणि पाठवणीमधली ती वर्षांची फट बुजत गेली, दोन्ही समारंभ एका मांडवात आले. आज आपण जो एक दिवसाचा सोहळा बघतो, तो असा कायद्याने आणि शाळेने घडवलाय. फुलांच्या गाडीआधी हे आलं.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला आणि त्याच्या कलम ९ मध्ये नांदायला परत आणण्याचा तोच दावा, आता नवरा-बायको दोघांनाही खुला करून, ठेवून दिला. आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पण सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते कायम ठेवलं. आपल्या तालुक्याच्या कोर्टातही या कलमाचे दावे चालतात, कुठल्याही वकिलाला विचारा.

आणि आता जिथे कुणी ड्रोन उडवत नाही त्या पाठवणीबद्दल. ऊसतोडीत मजुराची मोजणी 'कोयत्या'वर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला उचल कमी. शिवाय आई-बाप सहा महिने फडावर गेले की वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात. आधार कार्डावर वय वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं. चार दिवसांत नवरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांडी, ताडपत्री आणि सरपणाच्या शेजारी बसून कारखान्याच्या वाटेला लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड, परभणीकडे हे प्रमाण त्याहून बरंच जास्त आहे.

असं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर चाईल्ड हेल्पलाईनचा नंबर १०९८ आहे, फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीच्या ग्रामसेवकावर) असते, अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला. मात्र फोन अक्षता पडायच्या आधी करा. नंतर आम्ही फक्त बातमी लावू शकतो.