काळ्या मातीवरची घरं आणि भिंतीतली वायर

उज्जैनच्या मराठी माणसांबद्दल लिहायचं म्हटलं की आपण राणोजी शिंद्यांपासून सुरुवात करतो, महाकाळाचं देऊळ पुन्हा उभारणाऱ्या रामचंद्रबाबा सुखटणकरांचं नाव घेतो आणि बहुधा तिथेच थांबतो. त्यात चूक काही नाही, पण ती मोठी मंडळी. मास्तर, कारकून, बँकेतले, वीज मंडळातले असे आपल्यासारखे लोक जुन्या शहरातल्या आणि फ्रीगंजातल्या भाड्याच्या खोल्या सोडून नानाखेड्याकडे आले. प्लॉट घेतले, रजा टाकून स्वतः उभं राहून घरं बांधून घेतली. त्या घरांचा इतिहास कुणी लिहीत नाही. त्यांच्या भिंतींना तडे का जातात आणि पावसाळ्यात स्विचबोर्डाशी हात नेला की झिणझिण्या का येतात, एवढाच आजचा विषय. या दोन्ही दुखण्यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं, असं माझं मत आहे.

आधी जुनी घरं. शहरातल्या वाड्यांना लाकडी खांब-तुळया, विटांची जाड भिंत आणि घाणीत मळलेला चुना. चुना सावकाश घट्ट होतो, पण जरा हललं-डुललं तर सांभाळून घेतो. बारीक भेग पडली तर ओल्या हवेत ती थोडीफार आपोआप भरूनही येते. वीज आली ती या भिंतींच्या वरून. सुरुवातीला लाकडी केसिंग-कॅपिंग, नंतर सागवानी पट्टीवर क्लिपा मारून काळी रबरी वायर. भिंतीत फक्त लाकडी गिट्ट्या ठोकायच्या. दिसायला ते ओबडधोबड होतं हे खरं. पण वायर कुठून कुठे जाते ते घरातलं पोरही सांगायचं, आणि उंदराने कुरतडली तर ती दिसायची.

चुन्याच्या कामाचा विषय निघाला म्हणून आपल्या वेधशाळेची आठवण करून देतो. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली ही यंत्रं म्हणजे निव्वळ गवंडीकाम. दक्षिणोत्तर भित्ती यंत्र तर नावाप्रमाणे एक भिंतच आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात त्यांची दुरुस्ती झाली आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे यांनी तिथला कारभार पाहिला. भिंत ओळंब्यातून जरा सरकली की वेळ चुकणार, असलं ते काम. आपल्या घराच्या भिंतीने वेळ सांगायची नसते, म्हणून ती सरकलेली आपल्याला उशिरा कळते.

आता नानाखेडा. आज बसस्टँड, स्टेडियम, वेदनगर, महानंदानगर असा सगळा भरलेला भाग दिसतो. पण खाली आहे ती माळव्याची काळी माती, गहू-हरभऱ्याची. पिकाला सोनं आणि घराला वैरी. पाणी प्यायली की ती फुगते, वैशाखात वाळली की आक्रसते, आणि मोकळ्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जिथे तिचा थर खोल असतो तिथे साधारण साडेतीन मीटरपर्यंत ही हालचाल चालते असं अभियंते धरतात. आपल्यापैकी बहुतेकांचे पाये खोदले गेले चार-पाच फूट. म्हणजे घर दरवर्षी थोडं वर उचललं जाणार आणि थोडं खाली बसणार, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. मधली जमीन घराखाली झाकलेली म्हणून तशीच राहते, कोपरे मात्र हलतात. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो.

यावर उपाय नव्हता असं नाही. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी खाली फुगीर गाठ असलेले काँक्रीटचे खांब काढले होते. गाठीचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट, आणि ती हलणाऱ्या थराच्या खाली रोवायची. पण ते सांगणारा इंजिनिअर नोकरदाराला परवडायचा नाही आणि मिस्त्रीला ते ठाऊक नसायचं. मुरूम भरून, दगड टाकून जोतं उठवलं की पाया झाला.

त्यात सिमेंट. १९८२ च्या फेब्रुवारीपर्यंत सिमेंटवर पूर्ण नियंत्रण होतं. परवाना काढा, गोणी मोजून घ्या, कमी पडल्या तर दुप्पट भावाने आणा. महाराष्ट्रात अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं ते त्याच वर्षी जानेवारीत आणि याच सिमेंटच्या वाटपावरून, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. नियंत्रण पुरतं उठलं १९८९ च्या मार्चमध्ये. मधल्या काळात बांधलेल्या घरांत एकास सहाच्या जागी एकास आठ किंवा दहा माल मारलेला सापडला तर नवल नाही. वर उन्हाळ्यात पाण्याचा दुष्काळ, म्हणजे तराईसुद्धा चार दिवसांत आटोपलेली.

मी बँकेत घरकर्जाच्या फायली पाहिल्या आहेत, त्यावरून एक गोष्ट सांगतो. कर्जाचा हप्ता टप्प्याने सुटायचा. जोत्यापर्यंत इतका, लिंटेलपर्यंत इतका, स्लॅब पडल्यावर इतका. प्रत्येक टप्प्याला कुणीतरी येऊन पाहून जायचं. वायरिंगला मात्र असा वेगळा टप्पा माझ्या पाहण्यात आला नाही. ते यायचं सगळ्यात शेवटी, जेव्हा पीएफमधून काढलेलेही संपलेले असत आणि बायकोच्या पाटल्यांकडे नजर जायला लागलेली असे. जमिनीखालचा पाया आणि भिंतीतली वायर या दोनच गोष्टी वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना दिसत नाहीत, आणि काटकसर नेमकी या दोन ठिकाणी झाली. संगमरवरी देवघर मात्र सगळ्यांकडे झालं.

त्या काटकसरीचं एक रूप म्हणजे ॲल्युमिनियमची वायर. तांबं बरंचसं बाहेरून यायचं, महाग होतं, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत घरोघरी ॲल्युमिनियम आलं आणि नंतरही बरीच वर्षं चाललं. वायर म्हणून ती वाईट नाही, वीज मंडळाच्या मोठ्या तारा ॲल्युमिनियमच्याच असतात. भानगड होते स्क्रूखाली. हा धातू दाबाने हळूहळू पसरतो, गरम-गार होऊन सैल पडतो आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढतो, जो वीज नीट जाऊ देत नाही. मग बटणाच्या मागे गरमी, वितळलेलं प्लास्टिक आणि तो ओळखीचा जळका वास. अशा बोर्डात गीझरचा प्लग खुपसला की काय होतं ते अनेकांनी पाहिलं आहे. तांब्याच्या हिशेबात दिव्यासाठी दीड, मोठ्या प्लगसाठी अडीच आणि एसीसाठी चार चौरस मिलिमीटर वायर लागते. जुनी मंडळी तीन-बावीस, सात-वीस म्हणतात, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, २० गेजच्या सात.

दुसरं रूप म्हणजे भिंतीतल्या झिऱ्या. पट्टीवरची वायर गावंढळ वाटू लागली आणि सगळ्यांना छुपं वायरिंग हवंसं झालं. भारतीय मानकात भिंत कापण्याचा नियम आहे. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. आपली आतली भिंत साडेचार इंची. तिचा सहावा भाग पाऊण इंच, आणि पाइपच पाऊण इंचाचा. म्हणजे वर गिलाव्याला जागाच उरत नाही. थोडक्यात, साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी मारायचीच नाही. पण कारागीर बोर्डापासून बोर्डापर्यंत सरळ आडवा जातो, कारण पाइप कमी लागतो. छिन्नी-हातोडीने अर्धी भिंत हलते, आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याच रेषेवर तडा दिसतो.

इथे दोन्ही दुखणी एकत्र येतात. काळी माती भिंत हलवते आणि भिंत झिरीच्या रेषेवर फाटते. त्या फटीतून गच्चीचं किंवा मोरीचं पाणी पाइपात उतरतं, आणि पाइपात जुनी, कडक झालेली वायर असते. आमच्या गल्लीत एका घराने ओल आलेली भिंत तीनदा गिलावा काढून केली. लोणा पुन्हा यायचा आणि श्रावणात हात लावला की झिणझिण्या. मग वायरमन आणला, त्याने सगळी वायर बदलली आणि ‘बाऊजी, अब कुछ नहीं होगा’ म्हणून गेला. पुढच्या पावसात पुन्हा तेच. शेवटी कळलं की वरच्या मोरीचा सांधा फुटला होता आणि पाणी झिरीतून खाली बोर्डात येत होतं. गवंड्याने वायरीकडे पाहिलं नाही, वायरमनने भिंतीकडे पाहिलं नाही. दोघांची मजुरी मात्र गेली.

घरच्या घरी काय करता येतं? तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. त्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवा. मे महिन्यात काच फुटली आणि भाद्रपदात तडा मिटला, तर भिंत मातीबरोबर हलते आहे. तिथे नुसतं सिमेंट भरणं व्यर्थ. घराभोवती तीनेक फूट फरसबंदी बाहेरच्या उताराने करा, पागोळीचं पाणी दूर न्या, भिंतीला लागून मोठं झाड ठेवू नका. आपल्याकडे दर सिंहस्थाला रस्ता एक थर चढतो आणि जोतं तेवढं खाली जातं, तेही पाहा. आणि तुम्ही अजून जुन्या चुन्याच्या घरात असाल तर त्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नका, ओल आत कोंडते.

विजेच्या बाबतीत रेषा कायद्यानेच आखली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण बदलायला मुभा होती, पण जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. नवा पॉइंट, नवी लाइन हे परवानाधारक कंत्राटदाराचं काम. नियमावली नंतर बदलली, ही रेषा तीच आहे. मेन बंद करून बटण बदलणं वेगळं आणि यूट्यूब पाहून एसीची लाइन ओढणं वेगळं.

सगळ्यात जास्त काळजी मला कूलरची वाटते. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप, आणि प्लग दोन पिनांचा. अनेक घरांत अर्थिंग म्हणून तिसरी तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असे. पुढे ते पाइप गंजले, त्यांच्या जागी पीव्हीसी आले आणि त्या घरांचं अर्थिंग त्या दिवशी संपलं. बल्ब-पंखे चालू राहिले, त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही. ज्यांच्याकडे खड्डा होता, म्हणजे ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप आणि भोवती कोळसा-मिठाचे थर, त्यातल्या कितीजणांच्या खड्ड्यावर आता पोर्च झाला आहे? काळी माती ओली असते तोवर अर्थिंगला उत्तम. पण ती वाळून पाइपापासून सुटते ती नेमकी मे महिन्यात, कूलरच्याच दिवसांत. म्हणून खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतायचं असतं.

पाच अँपिअरचा फ्यूज माणसाला वाचवत नाही. पाच अँपिअर म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर, आणि माणसाच्या जिवाला तीस मिलिअँपिअरपासूनच धोका सुरू होतो. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी वेगळं उपकरण मिळतं, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत तेवढा फरक पडला की तो लाइन तोडतो. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला नाही तर तो निकामी झाला असं समजून बदलून घ्यायचा. यंदा माळ्यावरून कूलर खाली काढाल तेव्हा आधी ते बटण दाबून पाहा, आणि पाणी भरताना प्लग काढलेला असू द्या.