गोत्से देल्चेव्ह : क्रांतिकारक एक, दावेदार देश दोन

गोत्से देल्चेव्ह बल्गेरियाचा की उत्तर मॅसिडोनियाचा, हा वाद थेट युरोपीय संघाच्या दारापर्यंत गेला. त्याचं जन्मगाव मात्र आज या दोन्ही देशांत नाही. १८७२ मध्ये तो कुकुशला जन्मला, तेव्हा तिथे उस्मानी तुर्कांचं राज्य होतं. तेच गाव आता किल्किस नावाने ग्रीसमध्ये आहे.

सोफियाच्या लष्करी शाळेतून काढून टाकल्यावर देल्चेव्ह श्तिप गावी मास्तर झाला. दिवसा शाळा, आणि तिच्या आडून तुर्कांविरुद्धच्या गुप्त संघटनेचं काम. ४ मे १९०३ रोजी बानित्सा इथे तुर्की फौजेशी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. वय अवघं ३१. पुढे १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत मॅसिडोनियाचे ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरियाने लचके तोडले. म्हणजे आजच्या सीमा आखल्या गेल्या त्या त्याच्या मागे.

बल्गेरिया म्हणतो, तो बल्गेरियन शाळांत शिकला, त्याची पत्रं बल्गेरियन भाषेत आहेत, मग तो आमचाच. स्कोप्येचं उत्तर असं की, तो लढला मॅसिडोनियाच्या स्वायत्ततेसाठी, बल्गेरियात विलीन होण्यासाठी नव्हे. खरं तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पंचाईत तीच आहे. त्यात भाषेचाही वाद. मॅसिडोनियन ही बल्गेरियनचीच बोली, असं सोफियाचं म्हणणं. प्रमाण मॅसिडोनियन १९४५ मध्ये ठरली.

त्याच्या अस्थीही एका जागी राहिल्या नाहीत. १९२३ मध्ये त्या सोफियाला नेल्या गेल्या. १९४६ मध्ये बल्गेरियाच्या कम्युनिस्ट सरकारने युगोस्लाव्हियाशी मैत्रीखातर त्या स्कोप्येला देऊन टाकल्या. तेव्हापासून त्या तिथल्या स्वेती स्पास चर्चच्या आवारात आहेत. बल्गेरियात ‘गोत्से देल्चेव्ह’ नावाचं शहर आहे, उत्तर मॅसिडोनियात ‘देल्चेव्हो’. मॅसिडोनियाच्या राष्ट्रगीतातही त्याचं नाव येतं.

२०१७ च्या मैत्री करारानंतर दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती नेमली गेली, पण देल्चेव्हवर तिचं घोडं अडलं. नोव्हेंबर २०२० मध्ये इतिहास आणि भाषेचे हेच मुद्दे पुढे करत बल्गेरियाने उत्तर मॅसिडोनियाच्या युरोपीय संघप्रवेशाच्या वाटाघाटी रोखल्या. जून २०२२ मध्ये नकाराधिकार मागे घेतला, पण बल्गेरियनांचा उल्लेख मॅसिडोनियाच्या राज्यघटनेत यावा, ही अट पुढे आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये देल्चेव्हच्या जयंतीला स्कोप्येकडे निघालेले बल्गेरियन नागरिक सीमेवरच खोळंबले.