कलमाच्या मुळाशी रायवळ

पहिला पाऊस पडला की परसात खड्डे खणायची घाई सुरू होते. यंदाही गटातल्या बऱ्याच जणी आंब्याचं कलम लावणार आहेत. म्हणून आज कलमाचीच गोष्ट ऐकू या. ती कळली की झाड कसं जपायचं तेही कळतं.

आपल्या आज्यांच्या काळी परसातला आंबा बहुधा कोयीतून यायचा. खाऊन टाकलेली कोय कडेला रुजायची. हाच आपला रायवळ. प्रत्येक झाडाची चव निराळी, म्हणून नावंही निराळी : शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी. एक लोणच्याचा, एक रसाचा, एक नुसता चोखून खायचा.

पण गोड आंब्याची कोय लावली म्हणून गोडच आंबा येईल, असं नसतं. मोहोरावर बसणाऱ्या माश्या दुसऱ्या झाडाचे परागकण आणतात, त्यामुळे कोयीत आईबरोबर बापाचाही वाटा असतो. तोच आंबा पुन्हा हवा तर कलमच बांधावं लागतं.

१५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. पुढे तिथल्या जेझुइट पाद्र्यांनी कलमं बांधून निवडक आंबे वाढवले, असं सांगतात. अल्फान्सो हे नाव पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून पडलं असं मानतात. आपल्या तोंडी त्याचा हापूस झाला.

पूर्वी भेटकलम करत. कुंडीतलं रायवळ रोप मोठ्या झाडाच्या फांदीला टेकवायचं, दोघांची साल तासून एकत्र बांधायची आणि जोड धरेपर्यंत दोन-तीन महिने पाणी घालत राहायचं. पुढे कोयकलम आलं. कोय रुजून आलेल्या कोवळ्या, तांबूस रोपावरच चांगल्या झाडाची काडी बसवायची. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ही पद्धत शेतकऱ्यांपर्यंत नेली. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा होऊ लागल्या आणि कलम लहान शेतकऱ्याच्याही रानात आलं.

पण एक गोष्ट तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे. हापूस असो की केसर, खाली मूळ असतं ते कोयीच्या रोपाचं, बहुतेक वेळा रायवळाचंच.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्या गटातल्या एकीच्या कलमाचा शेंडा शेळीनं खाल्ला. खालून जोमदार फूट आली. झाड वाचलं म्हणून आम्ही सगळ्या खूश झालो. कितीतरी वर्षं पाणी घातलं, शेणखत घातलं, आणि फळ आलं ते आंबट! वाचलं होतं ते खालचं रायवळ. वरची काडी केव्हाच मेली होती.

म्हणून सांगतो : लावताना जोड मातीच्या वर राहू द्या. जोडाखाली फूट दिसली की लगेच काढा. काठीचा आधार द्या, भोवती काटेरी कुंपण करा. पहिली तीन वर्षं मोहोर खुडून टाका, जीव कितीही तुटला तरी. पहिले दोन-तीन उन्हाळे आळ्यात पाणी द्या आणि पालापाचोळा पसरा.

आणखी एक. घर वाढवायचं, रस्ता रुंद करायचा, म्हणून गावातले जुने रायवळ पडताहेत. झाड गेलं की त्याची चवही जाते, आणि नुसती कोय ठेवून ती परत मिळत नाही. पण जे कलम हापूससाठी बांधतात, तेच आपल्या लोणच्याच्या आंब्याचंही बांधता येतं. तुमच्या दारचा असा आंबा पाडायचं ठरलंच, तर कुऱ्हाड लागण्याआधी, या पावसातच, कलम बांधणाऱ्याला बोलवा आणि काड्या काढून घ्या. नाव मात्र तेच ठेवा, आजीनं ठेवलेलं.