परकीय भाषाध्ययन अनुदाने, अमेरिकन

परकीय भाषांचे अध्यापन आणि त्या भाषा बोलणाऱ्या प्रदेशांविषयीचे संशोधन यांसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या केंद्र शासनाने विद्यापीठांना, अध्यापकांना व विद्यार्थ्यांना दिलेले अर्थसाहाय्य. त्याचा पाया १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियमाने घातला. शिक्षणविषयक कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द यावा, यातच या योजनेचे बळ व दौर्बल्य ही दोन्ही सामावलेली आहेत.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकन विद्यापीठांत परकीय भाषा म्हणजे प्रामुख्याने फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश. संस्कृतचे अध्ययन तेथे एकोणिसाव्या शतकापासून होत असले, तरी आधुनिक भारतीय भाषांकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. युद्धकाळात आशियातील बोलत्या भाषांची निकड एकाएकी जाणवली. १९४१ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने सघन भाषावर्ग सुरू झाले व सैन्याने तीच पद्धती उचलली. युद्ध संपताच हा उत्साह ओसरला. संस्कृतज्ञ डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९४८ मध्ये दक्षिण आशियाई प्रदेशाभ्यासाचा विभाग उभारला. पण अशा विभागांची भिस्त मुख्यतः खाजगी प्रतिष्ठानांवर होती.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि आपले शिक्षण मागे पडल्याची भीती अमेरिकेत पसरली. अध्यक्ष आयझनहौअर यांनी २ सप्टेंबर १९५८ रोजी उपर्युक्त अधिनियमावर स्वाक्षरी केली. त्यातील विज्ञान व गणित यांवरील तरतुदींचा गाजावाजा अधिक झाला. भाषाविकासाविषयीचे सहावे प्रकरण मात्र सर्वांत दीर्घायुषी ठरले. त्यानुसार विद्यापीठांतील भाषा व प्रदेशाभ्यास केंद्रांना निम्म्यापर्यंत खर्च मिळू लागला, प्रगत विद्यार्थ्यांना छात्रवृत्त्या दिल्या जाऊ लागल्या व व्याकरणे, कोश, पाठ्यपुस्तके यांच्या निर्मितीसाठी संशोधन अनुदाने उपलब्ध झाली. पहिली १९ केंद्रे १९५९ मध्ये सुरू झाली. कोणती भाषा राष्ट्राला आवश्यक हे ठरविण्याचा अधिकार शिक्षण आयुक्तांकडे होता. अरबी, चिनी, जपानी, पोर्तुगीज, रशियन व हिंदी-उर्दू या सहा भाषांना त्यांनी प्रथम अग्रक्रम दिला. दुय्यम अग्रक्रमाच्या यादीत तमिळ, तेलुगू व बंगाली यांबरोबर मराठीही होती. शतकानुशतकांचे वाङ्‌मय असलेल्या भाषेला परदेशी विद्यापीठाचे दार अशा कचेरीतील यादीने उघडावे, हे काहीसे विचित्र खरे; तथापि दार उघडले.

या पैशाबरोबर अटीही आल्या. कर्ज वा छात्रवृत्ती घेणाऱ्यास राष्ट्रनिष्ठेच्या शपथेखेरीज, शासन उलथून टाकू पाहणाऱ्या संघटनांशी आपला संबंध नाही, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. त्याच्या निषेधार्थ हार्व्हर्ड व येल या विद्यापीठांनी १९५९ मध्ये अधिनियमाखालील कर्जयोजनेतून अंग काढून घेतले. प्रतिज्ञापत्राची अट १९६२ मध्ये रद्द झाली.

मराठीच्या दृष्टीने १९६१ व १९६२ ही वर्षे महत्त्वाची होत. १९६१ च्या फुलब्राइट-हेज अधिनियमाने परदेशांत जाऊन संशोधन करण्यास साहाय्य मिळू लागले. त्याच वर्षी अमेरिकन विद्यापीठांनी मिळून भारतविद्येसाठी ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही संस्था स्थापिली. तिचे पहिले अध्यक्ष ब्राउन हे होते आणि भारतातील पहिली कचेरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होती. १९५४ च्या ‘पब्लिक लॉ ४८०’ नुसार भारताने घेतलेल्या धान्याची किंमत रुपयांत जमा होई. त्या रकमेचा काही भाग विद्याकार्यासाठी वापरण्यात आला. १९६२ पासून त्याच रुपयांतून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने भारतीय भाषांतील ग्रंथ व नियतकालिके विकत घेऊन तेथील निवडक ग्रंथालयांना पाठविली. शिधावाटप दुकानातील अमेरिकन गहू मराठी माणसाच्या चांगला परिचयाचा होता. त्या गव्हाच्या किमतीतून मराठी पुस्तके समुद्रापार गेली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असे.

संरक्षणाच्या नावाने सुरू झालेल्या या व्यवस्थेतून जे निष्पन्न झाले, त्याचा संरक्षणाशी संबंध शोधावाच लागेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये डॉ. आंबेडकर व महार चळवळ यांवर प्रबंध सादर केला. दलित चळवळीच्या इतिहासलेखनात त्याचे स्थान मोठे आहे. मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भ-व्याकरण त्याच विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई विभागाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. बर्नसन पुढे फलटणलाच स्थायिक झाल्या आणि त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले.

संशयाची छाया मात्र दोन्ही देशांत राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हिमालयीन सीमाप्रदेशाविषयीच्या प्रकल्पास अमेरिकन संरक्षण खात्याचा पैसा असल्याचे १९६८ मध्ये उघड झाले, तेव्हा भारतात गदारोळ उडाला व परदेशी संशोधकांवरील निर्बंध कडक झाले. वास्तविक तो पैसा सहाव्या प्रकरणाखालील नव्हता. पण हा भेद ध्यानात घेण्याची कोणाची मनःस्थिती नव्हती. अनुदानांची भाषाच संरक्षणाची असल्यामुळे प्रामाणिक अभ्यासकालाही आपला हेतू सिद्ध करून दाखवावा लागे.

शीतयुद्धाची धार कमी होताच निधीवर गदा येऊ लागली. या विषयाला संरक्षणाच्या चौकटीबाहेर काढू पाहणारा १९६६ चा आंतरराष्ट्रीय शिक्षण अधिनियम संमत झाला; परंतु काँग्रेसने त्यासाठी पैसाच मंजूर केला नाही. निक्सन प्रशासनाने ही अनुदाने थांबविण्याचा प्रयत्न केला. १९८० मध्ये सहावे प्रकरण उच्च शिक्षण अधिनियमात समाविष्ट झाले. गुप्तवार्ता व संरक्षण यंत्रणांशी निगडित अशी वेगळी छात्रवृत्तियोजना १९९१ मध्ये निघाली, तेव्हा आफ्रिका व मध्यपूर्व यांच्या अभ्यासकांच्या संघटनांनी तिला विरोध केला. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अरबी, फार्सी, पुश्तू इ. भाषांसाठी पुन्हा निधी वाढला आणि २०११ मध्ये त्यात मोठी कपात झाली. २०२५ मध्ये शिक्षण खात्याने केंद्रांची व छात्रवृत्त्यांची अनुदाने पुढील वर्षासाठी चालू ठेवण्याचे नाकारले.