वादात्मक निबंधांतील पूर्वपक्ष

माध्यमिक शाळेंतील विद्यार्थ्याला निबंधाचे प्रस्तावना, विवेचन आणि उपसंहार असे तीन भाग सांगितले जातात. वर्णनात्मक निबंधापुरतें हें ठीक आहे. पावसाळ्याच्या वर्णनाला कोणी प्रतिवादी नसतो. परंतु एखाद्या प्रश्नावर दोन मतें असून त्यांपैकीं एक स्थापावयाचें असतें, तेव्हां एवढ्यानें भागत नाहीं. तेथें खरा प्रश्न असा कीं, विरुद्ध बाजूला निबंधांत जागा कोठें द्यावयाची, आणि किती?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसकांच्या विवेचनांत प्रथम विषय, मग त्याविषयींचा संशय, नंतर पूर्वपक्ष, त्यावर उत्तरपक्ष आणि शेवटीं निर्णय असा सामान्यतः क्रम असे. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचें म्हणणें. तें आपल्या उत्तराच्या आधीं मांडावयाचें, आणि तेंही असें कीं, वाचणाऱ्यास क्षणभर तेंच खरें वाटावें. नैयायिकांनीं चर्चेचे तीन प्रकार मानले: सत्यशोधनार्थ चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचें कांहीं न स्थापितां दुसऱ्याचें पाडणें ती वितंडा. शाळकरी निबंध तपासतांना हीच वर्गवारी आजही उपयोगीं पडेल!

मराठी गद्यांत वादात्मक लेखनाला बहर आला तो एकोणिसाव्या शतकांत. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत शंभरावर पत्रें लिहिलीं. त्यांत तळमळ पुष्कळ, पण बांधणी सैल. बांधणी आली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'नें. १८७४ च्या जानेवारींत तिचा पहिला अंक निघाला व पुढें एकंदर ८४ अंक झाले. शास्त्रीबुवा पेशानें शिक्षक. १८८० सालीं पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल स्थापन झालें, त्याचे ते एक संस्थापक. लांबलचक, तोलदार वाक्य मराठींत कसें पेलावें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

तथापि त्यांच्याच लेखनांत पूर्वपक्षाची उपेक्षाही दिसते. जोतीराव फुल्यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ सालीं प्रसिद्ध झाला होता. जोतीरावांच्या लेखनावर शास्त्रीबुवांनीं जो हल्ला चढविला, त्यांत भाषेच्या व व्याकरणाच्या चुकांची थट्टा फार. शूद्रातिशूद्रांची जी तक्रार जोतीराव मांडीत होते, तिला व्याकरणानें उत्तर मिळत नव्हतें. थट्टा वाचून त्या काळचे पुणेकर खूष झाले असतील. तक्रार मात्र जेथल्या तेथेंच राहिली. येथें भाषाप्रभूनें जल्प केला, असें म्हणणें भाग आहे.

गोपाळ गणेश आगरकरांची रीत निराळी. १८८८ सालीं त्यांनीं 'सुधारक' काढला. त्यांची लेखणीही प्रसंगीं जहाल होई. पण एखाद्या रूढीवर लिहितांना ती मुळांत कां पडली असावी हें ते शोधीत, आणि मग तीं कारणें आतां उरलीं आहेत काय, असें विचारीत. म्हणजे प्रतिपक्षाच्या घरांत शिरून तेथूनच वादाला आरंभ.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं या रीतीची कसोटी लागली. मुलींचें संमतिवय १० वरून १२ करावें, एवढीच मूळ गोष्ट. टिळकांचा आक्षेप कांहीं पोरकट नव्हता: सुधारणा लोकशिक्षणानें व्हावी, परक्या सरकारच्या कायद्यानें नव्हे. या आक्षेपाला 'तुम्ही जुनाट आहां' हें उत्तर होत नाहीं. १८२९ सालीं सतीची चाल कायद्यानेंच बंद झाली, हा दाखला उत्तर होऊं शकतो; कारण तो आक्षेपाच्या नेमक्या जागीं लागतो. कायदा मार्च महिन्यांत मंजूर झाला. आगरकरांना याच मतांपायीं जिवंतपणीं आपली प्रेतयात्रा निघालेली पाहावी लागली.

विद्यार्थ्याच्या वहींत पूर्वपक्ष बहुधा 'कांहीं लोक म्हणतात' या तीन शब्दांत येतो व पुढच्याच ओळींत मरतो. 'शाळा सकाळीं भरावी कीं दुपारीं' असा साधा विषय घ्यावा. सकाळच्या बाजूनें लिहिणाऱ्यानें प्रथम दुपारच्या पक्षाचें सर्वांत जड कारण, म्हणजे दुरून चालत येणाऱ्या मुलांची अडचण, एका परिच्छेदांत लिहून शेजारच्या बाकावरील विरुद्ध मताच्या मुलास वाचावयास द्यावें. 'होय, मला हेंच म्हणावयाचें होतें,' असें तो म्हणाला, तर पुढच्या परिच्छेदास हात घालावा. नाहीं तर तोच परिच्छेद पुन्हा लिहावा.