हत्यार आणि त्याचा धनी
बडोद्यात, दांडिया बाजाराजवळ, १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन उभे राहिले. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा की, कारागिराला विद्या त्याच्याच भाषेत मिळावी; परक्या भाषेपायी त्याचा हात अडू नये.

संगणकाच्या क्षेत्रातही हेच तत्त्व प्रत्ययास आले. आज्ञावली लिहिण्यासाठी १९७६ साली अमेरिकेत ‘ईमॅक्स’ हा संपादक घडला. त्यातील कोणत्याही कळीचे काम वापरणाऱ्याने स्वतः बदलावे, अशी सोय होती. पुढे त्यात देवनागरीलाही स्थान मिळाले.

परंतु स्वातंत्र्यामागून जबाबदारी येतेच. बिघाड झाल्यास आपले सारे फेरफार वगळून संपादक सुरू करावा. दोष नाहीसा झाला, तर तो आपल्याच फेरफारांत आहे, असे समजावे. मग ते निम्मे निम्मे करून तपासावेत. हत्याराचे मर्म जाणतो, तोच त्याचा खरा धनी!